मुलाचं वजन आणि त्याचं गणित: पालकसभेत ऐकलेलं आणि वाचून कळलेलं

शेवंती (पुणे)

आमचा मुलगा तिसरीत आहे. मागच्या पालकसभेत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "जरा वजन कमी करा हो त्याचं. सुस्त झालाय, म्हणून गणितात मागे पडतोय." बाई प्रेमळ आहेत, हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्या एका वाक्यात वजन, सुस्ती आणि गणित अशा तीन गोष्टींची गाठ मारलेली होती. ती गाठ खरी आहे का, हे मला कळून घ्यायचं होतं. मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे शोधनिबंधांतले आकडे वाचता येतात, एवढंच. वाचलं ते मांडते. इथे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, त्यांनी भर घालावी.

संबंध दिसतो, हे आधीच मान्य करते. अमेरिकेत एबीसीडी नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. नऊ-दहा वर्षांची अकरा हजारांहून जास्त मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत ठरावीक काळाने त्यांचे एमआरआय आणि चाचण्या होत राहतात. त्यातल्या ३,१९० मुलांवरचा निबंध डिसेंबर २०१९ मध्ये आला. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) जास्त, त्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर सरासरीने किंचित पातळ होता, विशेषतः कपाळामागच्या भागात, आणि कार्यस्मृतीच्या चाचणीतही त्यांना थोडे कमी गुण पडले होते. ही बातमी पालकांच्या ग्रुपवर अजून अधूनमधून फिरते, आणि फिरताना त्यातलं 'सरासरीने' आणि 'किंचित' गळून पडतं.

कार्यस्मृती म्हणजे काय, ते तिसरीच्या वहीत दिसतं. ४७ अधिक ३८. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. आता तो एक डोक्यात धरून ठेवायचा आणि त्याच वेळी चार आणि तीन मिळवायचे. बाहेरून रिक्षाचा हॉर्न वाजला आणि हातचा सुटला, तर उत्तर ७५ येतं. मुलाला बेरीज येत असते, हातचा धरवत नाही. याच्या जोडीला आणखी दोन क्षमता असतात. एक स्वतःला आवरण्याची: 'शिवाजी म्हणतो' खेळताना नुसतं "हात वर" ऐकलं की हात खालीच ठेवायचा, ती. दुसरी नियम बदलला की आपणही बदलण्याची: बेरजेची उदाहरणं संपून वजाबाकीची सुरू झाली, हे चिन्ह बघून ओळखण्याची. या तिन्हींना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. वजनाशी संबंध दिसतो तो मुख्यतः इथे.

आता माझ्या विषयातलं बोलते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बालवाडी आणि पहिलीतल्या अकरा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त वजनाची मुलं गणितात आणि वाचनात मागे दिसली. मग आईचं शिक्षण, घरची मिळकत वगैरे हिशेबात धरल्यावर तो फरक बहुतेक सगळा नाहीसा झाला. तिथे जास्त वजनाची मुलं गरीब घरांत अधिक आहेत. स्वस्त, पाकीटबंद खाणं, खेळायला सुरक्षित जागा नाही, घरी पुस्तकं कमी, आई-वडील दोन-दोन नोकऱ्यांवर. वजन आणि गुण दोन्ही त्याच परिस्थितीतून येतात.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो म्हैसूरच्या अभ्यासाने. होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये जन्मलेल्या मुलांचा तिथे वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो आहे. ती मुलं नऊ-दहा वर्षांची असताना त्यांच्या अंगावरची चरबी मोजली आणि बौद्धिक चाचण्या घेतल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले ते अमेरिकेच्या बरोबर उलटे: चरबी जास्त, त्याला गुण थोडे जास्त! काही अंशी कारण घरची परिस्थिती. या गटात बहुसंख्य मुलं बारीकच होती आणि अंगाने भरलेलं मूल सहसा बऱ्या घरातलं होतं. एकच चरबी अमेरिकेत बुद्धी कमी करते आणि म्हैसुरात वाढवते, असं तर होणार नाही. म्हणजे या संबंधातला निदान मोठा वाटा मुलाच्या पोटावर नसून आजूबाजूला आहे.

आणि आजूबाजूला आपणही असतो. २०१५ मधला एक अभ्यास वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. पाचवी ते आठवी या काळात ज्या मुलांचा बीएमआय वाढला, त्यांच्या क्षमतेबद्दल शिक्षकांचं मत खाली गेलं. प्रमाणित परीक्षेतले गुण तसेच असूनही! मुलगे आणि मुली, दोघांच्याही बाबतीत. वर्षानुवर्षं "याला जमणार नाही" अशा नजरेखाली बसणारं मूल पुढे प्रयत्न सोडत असेल, तर तो परिणाम कुठल्या खात्यात मांडायचा?

शेवटचा मुद्दा, मला आशा देणारा. जॉर्जियात (अमेरिकेतल्या) ७ ते ११ वर्षांची, वजन जास्त आणि हालचाल कमी असलेली १७१ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एक गट शाळेनंतर रोज २० मिनिटं खेळला, दुसरा ४० मिनिटं, तिसऱ्याला काहीच नाही. जवळपास तीन महिन्यांनी नियोजनाच्या चाचणीत खेळणाऱ्यांचे गुण वाढले आणि ४० मिनिटंवाल्यांचे जास्त वाढले. गणितातही सुधारणा दिसली. हा २०११ चा अभ्यास. इथे गट संशोधकांनी पाडलेत, त्यामुळे 'कारण' हा शब्द जरा धीराने वापरता येतो. मात्र हेही सांगायला हवं, की कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेत असे १८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा एक्झिक्युटिव्ह फंक्शनमध्ये थोडा फायदा दिसला, शाळेच्या गुणांत व्यायामामुळे स्पष्ट फरक दिसला नाही. चमत्कार कुणी कबूल केलेला नाही.

माझं मत असं झालंय, की काट्यावरच्या आकड्यातून मुलाचं गणित वाचता येत नाही. वाचायचंच असेल तर तो किती धावतो, कसा झोपतो, रक्तात काय कमी आहे आणि वर्गात त्याच्याकडे कसं पाहिलं जातं, हे वाचावं. तुमचा अनुभव काय?

पारिजात

छान लिहिलंयस शेवंती. आमच्या लहानपणी गावोगावी गुटगुटीत बालक स्पर्धा व्हायच्या. माझ्या धाकट्या बहिणीला त्यात स्टीलचा डबा मिळाला होता आणि आईला केवढा अभिमान! ज्या पिढीने दुष्काळ पाहिला, तिच्यासाठी बाळसं म्हणजे जगण्याची खात्री होती. आज तीच आजी नातवाला "अजून एक पोळी" म्हणते तेव्हा तिला दोष द्यावासा वाटत नाही. पण सांगायचं कसं, हा प्रश्न घरोघरी आहे.

डॉक्टर_सातारा

बालरोगतज्ज्ञ आहे. शेवंतीताईंनी वजन आणि अभ्यास यांच्या मधल्या गोष्टींवर (धावणं, झोप, रक्त, वर्गातली नजर) बोट ठेवलं ते बरोबर आहे. दवाखान्यात पालक "वजन आणि अभ्यास" अशी तक्रार घेऊन येतात तेव्हा मी वजनाच्या आधी तीन गोष्टी विचारतो.

पहिली झोप. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? झोपेत श्वास अडकून दचकतो का? गादी रोज ओली होते का? जास्त वजनाच्या मुलांत घशाभोवतीची जागा अरुंद होते, त्यात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेले असले की रात्रभर झोपमोड होते. मोठा माणूस अशा झोपेनंतर पेंगतो. मूल बऱ्याचदा पेंगत नाही, चुळबुळ करतं, चिडतं, लक्ष देत नाही, आणि त्याला 'सुस्त' किंवा 'वांड' असं लेबल लागतं. १९९८ मध्ये अमेरिकेत पहिलीतल्या, वर्गात सगळ्यात मागे असलेल्या २९७ मुलांची झोप तपासली तेव्हा १८ टक्के मुलांत श्वासाचा असा त्रास सापडला होता. ज्यांनी उपचार घेतले त्यांचे पुढच्या वर्षीचे गुण सुधारले. मात्र २०१३ मध्ये ४६४ मुलांवरच्या मोठ्या चाचणीत, ज्यात जवळपास निम्मी मुलं जास्त वजनाची होती, शस्त्रक्रियेनंतर झोप आणि वागणं सुधारलं, पण लक्ष आणि नियोजनाच्या औपचारिक चाचणीत म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणून मी पालकांना "ऑपरेशन करा, गणित सुधारेल" असं कधी सांगत नाही. "झोप सुधारेल, मग बघू" असं सांगतो.

दुसरी गोष्ट रक्त. अंगाने भरलेलं मूल म्हणजे रक्त चांगलं, हा समज अगदी पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवरून २००४ मध्ये दिसलं, की जास्त वजनाच्या मुलांत लोहाची कमतरता सुमारे दुपटीने आढळते. चरबीमुळे शरीरात एक बारीक दाह चालू राहतो, त्याने यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाटच अडवतं. वर आहारात बिस्किटं, खारी, मैदा. आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय सापडला. मूल गोबरं आहे म्हणून हिमोग्लोबिन तपासायचं राहून जातं आणि मग लक्ष का लागत नाही, याचा शोध शिकवणीत सुरू होतो.

तिसरी, मान. मानेच्या मागे, काखेत काळसर, मखमली वळ दिसतो का? आया तो मळ समजून दगडाने घासतात, उटणं लावतात. तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. ती दिसली तर तपासणी करून घ्या, आणि कृपा करून मुलाची मान घासू नका.

खडीसाखर

डॉक्टर, एक शंका. भाचा आठ वर्षांचा, उंची १२८ सेंमी, वजन ३४ किलो. मोबाइलवर बीएमआय काढला तर २०.८ आला आणि खाली 'नॉर्मल' लिहून आलं. ताई निर्धास्त झाली. बरोबर आहे ना?

डॉक्टर_सातारा

नाही, आणि ही गफलत फार होते. ते मोठ्यांचं कोष्टक आहे. मुलांचा बीएमआय वयानुसार आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर बघावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ वर्षांच्या मुलग्यासाठी साधारण १७.४ च्या वर जास्त वजन आणि १९.७ च्या वर स्थूलता धरतात. म्हणजे भाचा स्थूलतेच्या रेषेपलीकडे आहे. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्तेही आहेत, तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे भिंतीवरच असतील. घाबरून जाऊ नका, पण निर्धास्तही राहू नका.

अजून एक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने टिकून होतं, कमी होता तो स्नायू. त्यामुळे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असं मूल वजनात 'नॉर्मल' दिसूनही आतून चरबीदार असू शकतं. याच मुलांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: गरोदरपणी आईचं ब-१२ कमी असेल, तर नवव्या वर्षी मुलाच्या लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकाळ स्मरणाच्या चाचण्यांत फरक पडतो. पूर्ण शाकाहारी घरांनी ब-१२ विसरू नये.

करडई

मला जरा वेगळं म्हणायचंय. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण वाचणारा पालक "चला, वजनाचा काही संबंध नाही" असं समजून घरी जाईल. २०२२ मध्ये भारतात ५ ते १९ वयोगटात सव्वा कोटी मुलं स्थूल होती, १९९० मध्ये ती चार लाख होती. माझ्या दिरांना पस्तिशीत मधुमेह झाला. त्यांचं वजन पाचवीपासून वाढत होतं आणि सगळे "उंची वाढली की उतरेल" म्हणत बसले. अभ्यासात मागे पडो न पडो, वजन हा प्रश्न आहेच.

शेवंती (पुणे)

करडई, पूर्ण सहमत. वजन हा शरीराच्या आरोग्याचा प्रश्न आहेच, त्यासाठी गणिताची साक्ष काढायची गरज नाही. माझा आक्षेप आहे तो "जाड म्हणून ढ" या उडीला. ती उडी मारली की दोन्हीकडून नुकसान. मुलाचं गणित कुणी नीट तपासत नाही, कारण 'कारण' सापडलेलं असतं. आणि वजनासाठी जे करायचं ते शिक्षा म्हणून केलं जातं. माझ्या मुलाला वजाबाकीत शून्यावरून उसनं घेणं कळलेलं नव्हतं. ५०३ वजा २६८. मधलं शून्य आलं की तो गडबडायचा. पालकसभेनंतर घरी वही उघडून बसलो तेव्हा ते दिसलं. बाकी सगळी उदाहरणं बरोबर. याचा त्याच्या पोटाशी काय संबंध?

पीटीसर (नाशिक)

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, म्हणून हा धागा सोडवला नाही.

४० मिनिटांचा तास असतो. त्यातली दहा मिनिटं रांग, हजेरी, बूट. उरलेल्या वेळात खो-खो घेतला तर पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ बसलेले आणि एक पळतोय. खो-खो माझा प्राण आहे, जिल्ह्याला खेळलोय. पण साठ मुलांच्या वर्गात त्याने घाम ठरावीक पोरांनाच येतो. जाड मुलगा कुठे असतो? धावफलक लिहायला, नाहीतर गोलकीपर, नाहीतर सरांची शिट्टी आणि घड्याळ सांभाळायला. ते काम त्याला मानाचं वाटतं आणि शिक्षकालाही सोयीचं. ज्याला तासाची सगळ्यात जास्त गरज, तोच पूर्ण तास उभा.

म्हणून मी वर्गाचे पाच-पाच जणांचे गट पाडतो. दोरीवरच्या उड्या, लंगडी, लगोरी, टायर ओढणं, असे कोपरे. दर पाच मिनिटांनी कोपरा बदलायचा, कुणीही बाद होत नाही. बाद होण्याचे खेळ मी पहिल्या सत्रात घेतच नाही, कारण सगळ्यात आधी तोच बाद होतो आणि उरलेला वेळ बसून राहतो. वजनदार मुलाला ओढणं-ढकलणं छान जमतं. टायरच्या कोपऱ्यात तो पहिला येतो आणि पोरं टाळ्या वाजवतात.

शेवंतीताईंनी सांगितलेल्या जॉर्जियाच्या अभ्यासात मुलांच्या हृदयाचे ठोके सरासरी दीडशेच्या वर ठेवले होते, हे मी प्रशिक्षणात ऐकलंय. आम्ही मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायला शिकवतो. ३८ च्या आसपास आले की झालं. पोरांना मोजायला आवडतं, आणि चारने गुणताना पाढाही होतो.

दुःख एकच. घटक चाचणी जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. पालकांपैकी कुणी हरकत घेत नाही. उलट आभार मानतात.

माउंटनव्ह्यू_मराठी

कॅलिफोर्नियातून. इथल्या शाळांत मुलांची उंची-वजनं घेऊन बीएमआयचा अहवाल पालकांना घरी पाठवण्याची पद्धत बरीच होती. त्याचा उपयोग होतो का, हे पाहायला ७९ शाळांतल्या तिसरी ते आठवीच्या हजारो मुलांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. अहवाल पाठवून वजनात काहीही फरक पडला नाही. मुलांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान मात्र काही बाबतींत कमी झालं. आपल्याकडे प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतोच. तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये, एवढी विनंती प्रत्येक शाळेला करावीशी वाटते.

वाटसरू_क

मी ते मूल होतो. आता चाळिशी उलटली. चिडवणं वगैरे सगळे सांगतात, मी एकच गोष्ट सांगतो. चौथीत आमचे बाक इतके जवळ होते, की फळ्याकडे जायचं म्हणजे दोन रांगांमधून अंग चोरून जावं लागायचं. माझ्या धक्क्याने कुणाची तरी पाटी खाली पडायची आणि वर्ग हसायचा. म्हणून उत्तर येत असलं तरी मी हात वर करायचो नाही. सर विचारायचे, "येतंय का?" मी मान खाली. वर्षभर असं. सरांच्या दृष्टीने मला काहीच येत नव्हतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायची मुलं निवडली तेव्हा माझा विचारही झाला नाही. पुढे मी इंजिनीअर झालो, ते सातवीतल्या एका बाईंनी वह्या घरी नेऊन तपासल्या म्हणून. वहीत मी जाड दिसत नव्हतो.

शेवंती (पुणे)

वाटसरू, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. शिक्षकांचं मत गुणांशिवाय कसं खाली जातं, हा प्रश्न मला निबंध वाचताना पडला होता. निदान एक रस्ता तुम्ही दाखवलात.

खडीसाखर

मग नेमकं करायचं काय? ताईने भाच्याचा भात बंद केलाय आणि रात्री फक्त सूप. तो चोरून फरसाण खातो.

डॉक्टर_सातारा

भात बंद करू नका. वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नसतं, आणि उपाशी मुलाचं वर्गात लक्ष तर अजिबात लागत नाही. या वयात बऱ्याचदा ध्येय एवढंच असतं, की वजन आहे तिथे थोपवायचं आणि उंचीला वाढू द्यायचं. बीएमआय आपोआप उतरतो. भाच्याचा आकडा वरच्या बाजूला आहे, त्यामुळे एकदा समक्ष दाखवा, पण घरातलं धोरण तेच राहील.

मी पालकांना संध्याकाळी पाच ते आठ या वेळाबद्दल विचारतो. सगळं तिथे घडतं. शाळेतून आला, भूक कडकडून लागलेली, आई-बाबा कामावर, हाताशी बिस्किटाचा पुडा. मग क्लास, क्लासच्या बाहेर खाण्याची गाडी, मग टीव्हीसमोर जेवण. त्या पाच वाजता घरात पोहे, उसळ, उकडलेलं अंडं, दाण्याचा लाडू, केळं, यांतलं काही तयार असेल तर अर्धं काम झालं. दुधात घालायच्या गोड पावडरी 'बुद्धीसाठी' म्हणून देऊ नका, त्यात मुख्यतः साखर असते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही.

आणि नियम घरातल्या सगळ्यांना सारखा. एकट्या मुलाच्या ताटात दुधी आणि भावाच्या ताटात वेफर्स, हे करू नका. चोरून खाणं तिथून सुरू होतं.

करडई

शाळेच्या दारातल्या गाड्यांचं काय? २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला बंदी घातली. २०२० च्या केंद्राच्या नियमात शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असं आहे. आमच्या शाळेसमोर मोजून बघा, दहा पावलांवर चायनीज भेळ. पालक-शिक्षक संघाने हे पत्र लिहून मागायला हवं. गाडीवाल्याचं पोट आहे, हे मलाही कळतं. त्याने उकडलेला मका, चणे, फळं विकावीत, आम्ही घेऊ.

निशिगंध (सांगली)

माध्यमिक शाळेत शिकवते. सगळी चर्चा मुलग्यांची झाली म्हणून लिहिते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यात २०१४ मध्ये असं दिसलं, की अकराव्या वर्षी स्थूल असलेल्या मुली सोळाव्या वर्षी इंग्रजी, गणित, विज्ञान यांत मागे होत्या. मुलग्यांत चित्र एवढं स्पष्ट नव्हतं. आणि शेवंती, तिथे घरची परिस्थिती, बुद्ध्यांक, नैराश्याची लक्षणं, पाळी आल्याचं वय, हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला होता.

माझ्या वर्गात मी बघते, की सहावी-सातवीत पाळी सुरू झाली की मुली मैदान सोडतात. घरून सांगतात, "आता पुरे उड्या मारणं." जी आधीच अंगाने भरलेली असते ती सगळ्यात आधी सोडते, कारण पळताना मुलं बघतात. आठवीपर्यंत ती झाडाखाली बसणाऱ्यांत कायमची जाते. वर्गातही मागच्या बाकावर.

शेवंती (पुणे)

निशिगंध, बरं झालं लिहिलंत. तो निबंध मी वाचला होता आणि मूळ लेखात घ्यायला हवा होता. सगळंच परिस्थितीच्या खात्यात टाकता येत नाही, हे त्यावरून मान्य करावं लागतं. काहीतरी उरतं. ते उरलेलं शरीरातून येतं, की झाडाखाली बसण्यातून, हे मात्र तो अभ्यास सांगू शकत नाही. पीटीसर, मुलींसाठी तुमच्याकडे काय करता?

पीटीसर (नाशिक)

आमच्याकडे तीन गोष्टींनी फरक पडला. पीटीच्या दिवशी पूर्ण दिवस ट्रॅकपँट चालेल, असं मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलं, म्हणजे स्कर्ट सावरत पळायला नको आणि कपडे बदलायला जागा शोधायला नको. खेळाच्या खोलीत पॅड ठेवले, कपाटाची चावी सातवीच्या मुलींकडेच. आणि मैदानाचा शाळेमागचा भाग आठवड्यातून दोन तास फक्त मुलींसाठी, तिथे आमच्या विज्ञानाच्या बाई स्वतः दोरीवर उड्या मारतात.

आया विचारायला आल्या तेव्हा पाळीत खेळलं तर चालतं का, हे मी न सांगता गावातल्या डॉक्टरबाईंना बोलावून सांगायला लावलं. त्यानंतर घरून खेळातून सूट मागणाऱ्या चिठ्ठ्या आणणं बरंच कमी झालं. मुलींच्या कोपऱ्यांसाठी दोऱ्या कमी पडतात. सुती दोर आणून शाळेतच कापून, टोकं शिवून घेतो, बाजारातल्या हँडलवाल्या महिनाभर टिकत नाहीत. कुणाला गटांची आखणी हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मैदानाच्या मापाप्रमाणे कागदावर काढून पाठवतो.